सिंगापुरात खसखस पिकत नाही

"मी एकटीच जाऊन येते सिंगापूरला. शुक्रवार, शनिवार, रविवार."

हे मी रात्री जेवताना सांगितलं. बाबांनी आमटीतलं आमसूल ताटाच्या कडेला काढून ठेवलं, आईचा तुपाचा चमचा भातावर अधांतरी थांबला, आणि आजीने अगदी सरळ मनाने विचारलं, "एकटी म्हणजे कोणाकोणाबरोबर?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आजीला पुढचं दिसत होतं हे नंतर कळलं.

बीएस्सीला आम्ही तिघं एका बाकावर बसायचो. त्यातला लंबू गेल्या वर्षी पीएचडी करायला नानयांग विद्यापीठात गेला आणि चष्मिस एमएस्सीला सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत. मी इथेच दादरला राहून एमएस्सी करते आणि संध्याकाळी दहावीच्या पोरांना भूमिती शिकवते. २०२५ सालचा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. गुरुवारी रात्री निघायचं, सोमवारी पहाटे परत यायचं, आंघोळ करून दुपारी एकच्या तोंडी परीक्षेला उभं राहायचं, असा माझा बेत. सहा महिन्यांच्या भूमितीत एक स्वस्तातलं तिकीट बसत होतं. स्वस्तातलं म्हणजे एक माणूस आणि सात किलोची पाठपिशवी. त्यापुढच्या प्रत्येक गोष्टीला, अगदी पिण्याच्या पाण्यालाही, वेगळे पैसे. माझी काही हरकत नव्हती. दोन टी-शर्ट, एक जीन्स, ब्रश. सात किलो खूप झाले.

व्हिसाचं प्रकरण मी थोडक्यात आटोपते, कारण ते बाबांनी आटोपलं. आमच्या घरात कुठलाही फॉर्म बाबाच भरतात, जीभ किंचित बाहेर काढून, एकेका चौकोनात एकेक अक्षर कोंबत. सिंगापूरच्या व्हिसाच्या फॉर्मला 'फॉर्म १४ ए' म्हणतात. हा नंबर त्यांना इतका आवडला, की पुढचे आठ दिवस भाजीवाल्यालाही ते "हिचा चौदा ए झाला" असं सांगत होते. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, मागे पांढरं, चेहरा निर्विकार. फोटोवाला म्हणाला, "ताई, हसू नका." पुढे तीन दिवसांत मला हे वाक्य बऱ्याच वेळा आठवलं.

व्हिसा आला त्या संध्याकाळी आईने ही बातमी फक्त पहिल्या मजल्यावरच्या काकूंना सांगितली. काकू म्हणजे लंबूची आई. आईच्या तोंडचा 'फक्त' हा शब्द मी आता अर्थासकट ओळखते.

काकू दुसऱ्याच दिवशी वर आल्या. हातात काही नव्हतं. हेच जास्त भीतीदायक. "तुला ओझं नको हो," त्या म्हणाल्या. "अगदी थोडंसं. दिवाळीत काही तो यायचा नाही. मग म्हटलं आत्ताच थोडे अनारसे…"

"काकू, ऑगस्ट चालू आहे."

"म्हणूनच. दिवाळीत कोण जातंय?"

याला उत्तर नसतं. त्या थोड्याशात अनारसे, ओल्या नारळाच्या टिकणार नाहीत म्हणून सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, बेसनाचे लाडू, गोडा मसाला, चार बनियन आणि कुकरची रिंग एवढं होतं. लंबूच्या कुकरची रिंग सैल झाली होती म्हणे. सिंगापूर हे जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक आहे, रोज हजारो कंटेनर तिथे चढतात-उतरतात, तर कुकरची रिंगही मिळत असेल, असं मी सुचवून पाहिलं. काकूंनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "आपल्यासारखी नाही मिळत."

चष्मिसच्या आई डोंबिवलीला राहतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "दादरला ये, एक नंबरवर. पुलाच्या जिन्याखाली." मी एक नंबरवर पाऊण तास उभी राहिले. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ मध्ये सलग मोजायला घेतले, तेव्हापासून एक नंबर फक्त पश्चिम रेल्वेचा आहे आणि मध्य रेल्वेचा जुना एक नंबर आता आठ झालाय. पण तीस वर्षं ज्या फलाटावर माणसाने डबा चुकवला, त्याला तो असा आठ नंबर म्हणेल होय? शेवटी आम्ही मधल्या पुलावर भेटलो. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि गर्दीच्या धक्क्याने त्या तशाच पुढे निघून गेल्या. दूरवरून फक्त "मेतकूट वरती ठेव" एवढं ऐकू आलं.

मग वजन. बाबांनी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला. तो हुकाला लावून त्यांनी पिशवी उचलली, काटा चौदाच्या पुढे गेला, आणि दारात उभा असलेला रद्दीवाला सवयीने म्हणाला, "इंग्लिश आहे का मराठी?" मी निमूटपणे वीस किलोचं जादा सामान विकत घेतलं. पायथागोरसचा आणखी एक महिना गेला.

निघायच्या दिवशी रात्री साडेअकराचं विमान. बाबांच्या हिशेबाने घरातून साडेसहाला निघायचं. पाऊस, उद्याची सुट्टी, हायवे. त्यामुळे गाडी नको, भुयारी मेट्रो. दादर ते विमानतळाचं टी-टू टर्मिनल थेट जाते. अशी मी एकटी, आई, बाबा, आजी आणि काकू मेट्रोने सिंगापूरला निघालो. आजीचा मेट्रोचा पहिलाच प्रवास. तिला दादरहून धारावी एवढ्या गारव्यात जाता येतं याचंच इतकं अप्रूप वाटलं, की सिंगापूर पुढे काय वेगळं दाखवणार होतं कोण जाणे.

टी-टूच्या दाराशी पोचलो, बाबांनी पासपोर्ट चौथ्यांदा तपासला, आणि चष्मिसचा फोन आला.

"काय काय आणतेयस?"

मी यादी वाचली. अनारसे म्हटल्यावर पलीकडे शांतता.

"अनारशांना खसखस आहे?"

"अनारशांना खसखस नाही तर काय रवा असतो?"

"अगं बाई! इथे खसखस बंद आहे. अफूचं बी असतं ना ते. अमली पदार्थवाल्यांच्या परवानगीशिवाय नाही आणता येत."

सिंगापूरचा अमली पदार्थांचा कायदा किती कडक आहे हे मला माहीत होतं. त्यात आपला शेजारच्या काकूंमुळे संबंध येईल असं वाटलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. काकूंनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास, मग अपमान, आणि मग निश्चय असं एकामागून एक उमटलं. "काढून टाकू," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूला तर असते."

आणि आम्ही बसलो.

मुंबई विमानतळाच्या बाहेरच्या बाकावर, पांढऱ्याशुभ्र कमानींखाली, दोन पिढ्या मांडीवर वर्तमानपत्र पसरून एकवीस अनारशांची खसखस खरवडत होत्या, आणि तिसरी पिढी, म्हणजे आजी, देखरेख करत होती. आईकडे केसांची पिन, काकूंकडे किल्ली, आणि बाबांकडे वाचनालयाचं कार्ड. ज्यांनी अनारसा केलाय त्यांना माहीत असेल, खसखस त्यावर नुसती भुरभुरवलेली नसते. गोळी खसखशीवरच थापतात आणि तो भाग वर ठेवून तळतात. ती जाळीच्या भोकाभोकांत रुतून बसते. एक दाणा काढायला गेलं की कडेचा तुकडा निघतो आणि बाकीचे दाणे आतल्या खोलीत जाऊन बसतात. बाबांनी पहिला अनारसा साफ करून दिव्यासमोर धरला. चाळणीसारखा दिसत होता, आणि तरी त्यात सात दाणे मी मोजले.

तेवढ्यात बंदुकवाला जवान आलाच. "क्या हो रहा है, अंकल?"

बाबा सत्यवचनी. "खसखस निकाल रहे हैं."

"किसमें से?"

"अनारसे में से."

जवानाने वाकून पाहिलं. त्याचा कडक चेहरा एकदम सैल झाला. "अरे, अनरसा! हमारे गया में तो तिल लगाते हैं. खसखस कौन लगाता है?"

काकूंचा किल्लीवाला हात थांबला. रात्री साडेआठला, टी-टूच्या दारात, त्यांच्या अनारशांवर बिहारमधून हरकत घेतली गेली होती. त्यातून आणखी वाईट म्हणजे त्याचं बरोबर होतं. तीळ लावले असते तर एकवीसच्या एकवीस विमानात बसले असते. आजी पुटपुटली, "तीळ संक्रांतीला," आणि विषय संपवला.

खरवडकाम सात अनारशांवर थांबलं. मग बाबांच्या लक्षात आलं की करंजीच्या सारणातही भाजलेली खसखस आहे. करंजी काही उकलून परत शिवता येत नाही. मग आजीने शांतपणे सांगितलं की गोड्या मसाल्यातही असते. "चमचाभरच आहे हो," काकू म्हणाल्या, अगदी न्यायाधीशासमोर म्हणावं तशा. पण दळलेल्या मसाल्यातून खसखस काढणं देवालाही जमलं नसतं. अनारसे, करंज्या, मसाला, सगळं परत काकूंच्या पिशवीत गेलं. जवानाला दोन अनारसे मिळाले. माझी वीस किलोंचे पैसे भरलेली बॅग आता नऊ किलोंवर आली होती. पैसे परत मिळत नाहीत, असं तिकिटावरच लिहिलं होतं.

आत जाताना मागे वळून पाहिलं. बाबा वर्तमानपत्राची पुडी बांधत होते. खसखस फुकट घालवणारं आमचं घर नाही.

विमानाचा प्रवास साडेपाच तासांचा. सिंगापूरचा एक डॉलर तेव्हा अडुसष्ट रुपयांच्या आसपास होता. मी पाण्याच्या बाटलीची किंमत अडुसष्टने गुणली आणि माझी तहान गेली. पुढचे तीन दिवस हा पाढा माझ्या डोक्यातून हलला नाही. लहानपणी तिसापर्यंतच पाढे पाठ करून घेणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात दोष दिला.

सकाळी साडेसात वाजता, म्हणजे माझ्या पोटाच्या घड्याळाने पाचला, चांगी विमानतळावर उतरले. तिथे पासपोर्ट तपासायला हल्ली माणूस नाही, यंत्र आहे. पासपोर्ट ठेवा, दार उघडेल, आत जा, कॅमेऱ्याकडे बघा, अंगठा ठेवा. मी उजवा अंगठा काचेवर ठेवायला गेले आणि मला दिसला. नखाच्या आत, अगदी मध्यभागी, एक दाणा.

एक खसखस. पांढरट, किंचित तळलेली, मूत्रपिंडाच्या आकाराची. इतक्या जवळून खसखस मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या पुढे बंद दार, मागे बंद दार. हात खाली करून नख झाडावं तर वर कॅमेरा. चाटावं तर तेही कॅमेऱ्यात. शेवटी मी अंगठा तसाच काचेवर ठेवला आणि ओळख न पटल्यासारखं यंत्र दोन क्षण थांबलं. त्या दोन क्षणांत मी वृत्तपत्रातला मथळा वाचला, खाली माझा ३५ बाय ४५ चा निर्विकार फोटो पाहिला. दार उघडलं. तो दाणा मी पहिल्या स्वच्छतागृहात नळाखाली धुतला, दहा वेळा. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

लंबू घ्यायला आला होता. वर्षभरात आणखी उंच झाल्यासारखा वाटला, पण बारीक झाल्यामुळे असेल. मेट्रोत बसल्यावर माझ्या मनात आलं, हा सकाळी काही न खाताच आला असणार. डबा काढला, लाडू त्याच्यापुढे धरला. लंबू उडालाच. दोन्ही हातांनी डब्याचं झाकण दाबून तो कुजबुजला, "ठेव आत! गाडीत खाल्लं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे!"

चौतीस हजार रुपये. एवढ्या तुपात काकूंनी अख्ख्या इमारतीला लाडू केले असते. मी डबा पोटाशी धरून बसले. समोरच्या पाटीवर डुरियन फळावर फुली मारली होती, सिगारेटवर मारली होती. लाडवाचं चित्र नव्हतं, पण भावना पोचली. चांगी बेटाच्या पूर्व टोकाला, नानयांग पश्चिमेला. ताना मेराला गाडी बदलायची, बून लेला उतरून १७९ नंबरची बस. विरारहून चर्चगेटला यावं तेवढा वेळ, फरक इतकाच की कोणी कोणाच्या अंगावर नव्हतं आणि लाडवाचा वास संपूर्ण डब्याला ओळखू येत होता.

दोघांची सत्रं त्याच आठवड्यात सुरू झाली होती, त्यामुळे ज्यांना भेटायला मी गेले ते दिवसभर वर्गात आणि मी बाहेर. मर्लायन पाहिला. अर्धा सिंह, अर्धा मासा, तोंडातून पाण्याची धार. आपल्या एखाद्या चौकात असता तर पाण्याची पाळी पहाटे चार ते सहा असती. सहा दिवसांपूर्वी, ९ ऑगस्टला, त्यांच्या स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली होती. इमारतींच्या खिडक्याखिडक्यांत लाल-पांढरे झेंडे. आपला दिवस १५ चा. दुपारी एका बाकावर बसून मी बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, इमारतीच्या झेंडावंदनाला यंदा अनारसे वाटले.

रात्री लंबूच्या खोलीत पिशव्या उघडल्या. चष्मिस आली होती. तिने मेतकुटाची पुडी हातात घेतली, नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच बसली. चष्म्याची काच पिवळी झाली. मग म्हणाली, "भात लावायचा?" मऊ भात, मेतकूट, तूप. तिघांनी एकाच पातेल्यातून खाल्लं. स्वयंपाकघर सगळ्यांचं असल्यामुळे लंबूचा चिनी शेजारी आला, त्याला चमचाभर दिलं. त्याने चाटून बघितलं, डोळे मोठे केले आणि यात काय आहे म्हणून विचारलं. डाळी, गहू, तांदूळ, हळद, हिंग एवढं आम्ही सांगितलं. खसखस नाही, हे मी एकटीने तीनदा सांगितलं.

मग रिंग. लंबूने ती कुकरच्या झाकणात बसवून पाहिली. बसेना. याचा कुकर तीन लिटरचा, रिंग निघाली पाच लिटरची. शिवाय कडेला हळदीचा डाग. "आईने दुकानातून घेतली का रस्त्यावरून उचलली?" असं लंबू म्हणतोय तोवर काकूंचाच व्हिडिओ कॉल आला.

"रिंग बसली का रे?"

"बसली, बसली," लंबू म्हणाला. झाकण त्याच्या मांडीवर होतं आणि रिंग गळ्यात.

"बरं झालं बाई. आमचाच कुकर बिघडलाय मेला. कालपासून शिट्टी म्हणून होत नाही. नुसती वाफ जाते. भात कच्चा."

आम्ही तिघं विज्ञानाचे पदवीधर. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

शनिवारी सुट्टी. लंबूने मोठ्या अभिमानाने मला शहर दाखवायला नेलं ते लिटिल इंडियात. मुंबईहून एकोणचाळीसशे किलोमीटर उडून मी पारले-जीसमोर उभी होते. पोहे, साबुदाणा, हिंग, पापड. सय्यद अलवी रोडवरच्या मुस्तफा सेंटरमध्ये तर काय नाही ते सांगा. दुसऱ्या एका मांडणीवर कुकर होते आणि त्यांच्या शेजारी, चकचकीत पाकिटांत, सगळ्या मापांच्या रिंगा. मी लंबूकडे पाहिलं. तो म्हणाला, "आईला नको सांगूस." तीन लिटरची एक घेतली. अडुसष्टने गुणायचं टाळलं.

जेवायला टेक्का सेंटरला गेलो. सिंगापूरची ही हॉकर सेंटरं, म्हणजे एका छपराखाली पन्नास गाड्या, युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २०२० मध्ये गेली. लंबू आणि चष्मिस रांगेत उभे राहिले आणि मला टेबल धरायला पाठवलं. सगळी टेबलं भरलेली, एक मात्र अगदी रिकामं. वर कागदी रुमालांचं एक छोटं पाकीट. काय हे आदरातिथ्य, असं मनात म्हणत मी बसले, आधी खाल्लेल्या वड्याची मिरची नाकात गेली होती, म्हणून पाकीट फोडून नाक पुसलं. दोनदा. तेवढ्यात एक बाई हातात ताट घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या. काही बोलेनात. फक्त पाकिटाकडे बघत.

तिकडे टेबलावर रुमालाचं पाकीट ठेवलं की जागा धरली असं समजतात, हे लंबू धावत आला तेव्हा कळलं. मला! जिने साडेपाचच्या डोंबिवली फास्टमध्ये खिडकीतून ओढणी टाकून तीन-तीन जागा धरल्यात, तिला हे कळू नये! फरक एवढाच, की दादरला त्या ओढणीवर कोणी बसलं असतं तर डोंबिवलीपर्यंत भांडण गेलं असतं. इथे त्या बाई नुसत्या उभ्या. मी उरलेलं अर्धं पाकीट त्यांना दोन्ही हातांनी परत केलं. त्यांनी ते घेतलंसुद्धा.

रविवारी रात्री बॅग भरताना लंबूने काकूंचे तीन स्टीलचे डबे आणून ठेवले. डबे परत आणायचेच, ही काकूंची सक्त ताकीद. सिंगापूर असो की समोरची इमारत, डबा हा डबा. एकात त्याने ती पाच लिटरची रिंग घातली. मग चष्मिस म्हणाली, "अरे, रिकामा डबा परत देतात का कधी?" आमच्या तिघांच्याही आया या बाबतीत एकमताच्या. घरात दुसरं काही नव्हतं. लंबूने प्रत्येक डब्यात दोन-दोन चमचे साखर घातली. तिकडची बारीक, पिठासारखी साखर.

चांगीला सामानाची तपासणी बहुतेक ठिकाणी थेट विमानाच्या दाराशी होते. म्हणजे सगळे सहप्रवासी एकाच खोलीत, बघायला. डबे माझ्या पाठपिशवीत होते, कारण परतीला मी जादा किलो विकत घेतले नव्हते. पट्टा थांबला. अधिकाऱ्याने एक डबा उघडला. तळाशी पांढरी पूड. दुसरा उघडला. पांढरी पूड. तिसरा उघडला. पांढरी पूड, आणि त्यावर रबराचं कडं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फोटोतल्यासारखी निर्विकार.

साखर आहे, मी सांगितलं. तीन डब्यांत थोडी थोडी का? मी सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत. शेजारी कुठे आहेत? मुंबईत. मग साखर सिंगापूरहून का? कारण डबा सिंगापूरला आला होता. डब्यात काय आलं होतं? इथे मी अनारसे म्हणणार होते. जीभ चावली. "लाडू," मी म्हटलं. आणि हे कडं? ते कुकरचं. कुकर कुठे आहे? एक इथे आहे, पण त्याचं हे नव्हे.

त्याने एक कापडाची पट्टी डब्यात फिरवून यंत्रात घातली. यंत्र विचार करत असताना माझ्या मागच्या एक गुजराती आजी मोठ्यांदा म्हणाल्या, "खरंच आहे साहेब, रिकामा डबा द्यायचा नसतो," आणि हे त्यांनी मराठीत, तिकडच्या अधिकाऱ्याला सांगितलं. त्यांच्या मागचा कोणीतरी तेच तमिळमध्ये म्हणाला असावा, कारण अधिकारी पटकन वळला आणि त्याच भाषेत काहीतरी विचारून हसायला लागला. मग रांगच हसली. सिंगापुरात, भर विमानतळावर, विनापरवाना खसखस पिकली. अधिकाऱ्याने तिन्ही झाकणं स्वतः घट्ट लावून दिली.

सोमवारी पहाटे मुंबईवर नुसता काळा पाऊस. विमानाने दोन-तीन घिरट्या घातल्या. घरी पोचून दप्तर काढलं तोच बाबांनी फोन पुढे केला. पावसामुळे दुपारनंतर शाळा-कॉलेजांना सुट्टी. तोंडी परीक्षा पुढे ढकलली. सोमवारची म्हणून मी विमानातल्या विमानात पाठ केलेलं सगळं तसंच पोटात राहिलं. आजीने वाटीत काहीतरी आणून दिलं. खसखशीची खीर. पुडी वाया गेली नव्हती.

काकू वर आल्या. पहिला डबा उघडला, साखर पाहिली, आणि पदर डोळ्यांना लावला. "शिकलं हो पोर." दुसरा उघडला, पुन्हा पदर. तिसरा उघडला.

रिंग उचलून त्यांनी उजेडात धरली. हळदीच्या डागावरून अंगठा फिरवला. आमच्याकडे पाहिलं नाही.

"ही तर आमची," त्या म्हणाल्या. "मग नवी कुठाय?"

नवी त्यांच्याच ओट्यावर, पाकिटासकट, पिठाच्या डब्यामागे सापडली. त्या जिना उतरताना कितीतरी वेळ स्वतःशीच काहीतरी बोलत होत्या. मी पांघरूण घेऊन आडवी झाले. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि अर्ध्या तासाने खालून, पहिल्या मजल्यावरून, शिट्टी आली. दणदणीत. मग दुसरी. तिसऱ्या शिट्टीच्या आत मला झोप लागली होती.